वार लावून द्या

महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठांच्या माननीय कुलगुरूंच्या सेवेशी,



छत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी व संस्कृत शिकवून निवृत्त झालेला, नुकतीच वयाची ७९ वर्षे पुरी केलेला आणि पुण्याच्या एका जुन्या पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा एक मनुष्य आपणांस हे पत्र लिहीत आहे. आपल्या संस्थांशी माझा आता प्रत्यक्ष संबंध उरलेला नाही. उरला असलाच तर तो एवढाच की, गेल्या वर्षी सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागण्याच्या सुमारास, अवघ्या आठवड्याभराच्या अंतराने, दोन निरनिराळ्या महाविद्यालयांच्या समाजकार्याच्या अहवालांत 'लाभार्थी' या रकान्याखाली माझी गणना झाली. पेठेतील विरंगुळा केंद्रात मी रोज सायंकाळी जाऊन बसतो, आणि हे दोन्ही लाभ मला तेथे बसल्या जागीच प्राप्त झाले: पहिल्या खेपेस दोन केळी आणि एक पंचा, दुसऱ्या खेपेस बुंदीचा लाडू आणि नारळ. आमच्या बाकावरच्या सहा जणांपैकी चौघांना मधुमेह आहे आणि एकाला दात नाहीत, तेव्हा लाडवांची व नारळांची पुढील व्यवस्था काय झाली हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

माझी तक्रार खाऊविषयी नाही. दुसऱ्या खेपेस माझ्या शेजारी एक मुलगा येऊन बसला होता. सावळा, काटकुळा, कापडी फलकाचे एक टोक हातात धरून कंटाळलेला. गाव कोणते म्हणून विचारले, तर म्हणाला, जत. त्या जत तालुक्यात, बहात्तरच्या दुष्काळात, माझे थोरले बंधू दुष्काळी कामांवर मस्टर कारकून होते, आणि त्यांना भेटावयास गेलो असताना पाहिलेले पाझर तलावाचे एक काम, डोक्यावर पाट्या घेऊन उन्हात रांगेने चढणाऱ्या बायकांसकट, अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्या तलावात आता पाणी असते का, एवढेच मला त्या मुलास विचारावयाचे होते. मी प्रश्नास आरंभ करतो न करतो तोच शिट्टी झाली, फलक ताणला गेला, छायाचित्र निघाले, आणि चाळीस मिनिटांपूर्वी सुरू झालेला तो उपक्रम बसगाडीत बसून निघून गेला.

आपल्या पंचांगात या दिवसांची गर्दी कशी झाली आहे ते पाहावे. २४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापनादिन. १ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली ठराव करून नेमून दिलेला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. आणि लगेच दुसऱ्या दिवशी गांधीजयंती. या नऊ दिवसांत राज्यातील वृद्धांस जेवढी केळी मिळतात तेवढी उरलेल्या वर्षभरात मिळत नसावीत. बहुतेक वर्षी पितृपक्षही याच सुमारास येतो. तेव्हा वर्षातून एकदा आठवण काढावी, पानावर चार पदार्थ वाढावेत आणि पुढील वर्षापर्यंत मोकळे व्हावे, हा जो शिरस्ता आपल्या पूर्वजांनी मृतांसाठी घालून दिला होता तो आता जिवंतांनाही लागू करण्यात आला आहे, असे आमच्या बाकावरचे एक निवृत्त तलाठी म्हणतात. त्यांचे बोलणे कडवट असते, परंतु जन्म दप्तरात गेल्यामुळे बिनचूक असते.

ज्यांनी ही योजना कल्पिली त्यांच्या मनात असे काही नव्हते. १९५९ साली विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय सेवेचा आराखडा तयार करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष आपले चिंतामणराव देशमुख होते, आणि त्या समितीने शिफारस केली ती अशी की, शालेय शिक्षण संपवून विद्यापीठाच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्षाचा काळ सक्तीने सेवाकार्यात घालवावा. खर्चाचा आकडा पाहून ती शिफारस दप्तरी दाखल झाली. पुढे कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा आग्रह धरला, आणि अखेरीस गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांस घेऊन राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ झाला. आज स्वयंसेवकाने दर वर्षास १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास, काम करावे असा नियम आहे. नऊ महिन्यांची कल्पना १२० तासांवर उतरली याचे मला वाईट वाटत नाही. एकशेवीस तास पुष्कळ झाले. वाईट वाटते ते हे की, वृक्षारोपण, प्रभातफेरी, स्वच्छता, पथनाट्य आणि वृद्धांची भेट अशा फोडी करून ते वाटले जातात, आणि कोणत्याच एका माणसाच्या वाट्यास पुरता तास येत नाही. एकाच खड्ड्यात दर जूनला नवे रोप लावणारी महाविद्यालये मी पाहिली आहेत. रोप निदान तक्रार करीत नाही.

माझी विनंती नीट समजावी म्हणून मला थोडे मागे जाऊ द्यावे. १९५९ साली, तेरा वर्षांचा असताना, मी राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून शिक्षणासाठी पुण्यास आलो. वडिलांची मनीऑर्डर महिना पंधरा रुपयांची, आणि खानावळीचा दर त्याहून अधिक. तेव्हा ओळखीपाळखीने माझे वार लावून देण्यात आले. हा शब्द आजच्या विद्यार्थ्यास उलगडून सांगावा लागेल. परगावाहून शिकावयास आलेल्या गरीब मुलाने सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सातही दिवस निरनिराळ्या घरी जेवावे, आणि त्या त्या घराने तो तो वार आपल्या अंगावर घ्यावा, असा तो प्रघात होता. मला पाच वार मिळाले. उरलेले दोन दिवस मी चुरमुऱ्यांवर काढीत असे.

मंगळवार नारायण पेठेतील एका वाड्यात होता. तळमजल्यावरच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत एक वृद्ध विधवा बाई राहत, त्यांना सगळा वाडा काकू म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जेवण झाल्यावर हात धुऊन मी त्यांस वाचून दाखवावयाचे, अर्धा तास पोथी आणि अर्धा तास 'केसरी', हा करार त्यांनी पहिल्याच मंगळवारी, माझ्या पानावर भात वाढता वाढता, केला. पोथीतील माझे अशुद्ध उच्चार काकू पाठांतराच्या बळावर जागच्या जागी सुधारीत, आणि 'केसरी'तील राजकारण मी त्यांस समजावून देत असे, म्हणजे तेराव्या वर्षी ते मला जितपत समजले होते तितपत. पुढे छत्तीस वर्षे मी मुलांना वाचावयास शिकविले त्याची उमेदवारी त्या खोलीत झाली. मी त्यांजवर उपकार करीत नव्हतो, कारण मला भूक होती. त्या मजवर उपकार करीत नव्हत्या, कारण त्यांना अक्षर दिसत नव्हते. आणि दोघांनाही मंगळवार पाठ होता.

११ जुलै १९६१ हा मंगळवार होता. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे जेवलो, वाचले आणि पावसामुळे उशिरा परतलो. दुसऱ्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासलाही गेले, आणि दुपारी नदी पेठांतून शिरली. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने जिन्यावरून ओढून घेतल्यामुळे काकू बचावल्या. खालच्या खोल्यांत छातीएवढा गाळ बसला. पुढच्या मंगळवारी आम्ही काही मुले गाळ उपसावयास गेलो तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसलेल्या काकूंनी भांड्यांची चौकशी केली नाही आणि पोथीचीही केली नाही. माझा आवाज ओळखून त्या एवढेच म्हणाल्या, "आज मंगळवार. तू जेवलास कुठे?"

या प्रथेला सोन्याचा मुलामा देण्याची माझी इच्छा नाही. ती जातीच्या कुंपणाआड चालत असे. ज्या घरांनी मला वार दिले त्या घरांची दारे माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांस बंद होती, आणि मला वार देणाऱ्यांतही एक घर असे होते की जेथे मला सर्वांच्या मागून, मोरीच्या कडेला, निवलेल्या आमटीवर बसविले जाई. त्या कुंपणाबाहेरच्या मुलांच्या भाकरीची चिंता ज्यांनी वाहिली ती माणसे निराळी. कोल्हापुरात वसतिगृहांमागून वसतिगृहे उभी करणारे शाहू महाराज त्यांत अग्रगण्य. आणि साताऱ्यास १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या मुलांस एका छपराखाली आणि एका पंक्तीत आणणारे भाऊराव पाटील, ज्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने व शेवटी मंगळसूत्रही मोडले. तेव्हा जुना वार जसाच्या तसा उकरून काढावा अशी माझी दरखास्त नाही. त्याचा सांगाडा तेवढा घ्यावा, कुंपण पाडून टाकावे आणि दिशा उलटी करावी. पूर्वी भूक दाराबाहेर उभी असे. आज ती पुष्कळदा दाराच्या आतल्या बाजूस बसलेली असते.

आपल्या एखाद्या अभ्यासमंडळास स्वदेशी दाखला पुरेसा वाटला नाही तर परदेशी दाखलाही उपलब्ध आहे. हॉलंडमधील डेव्हेंटर या गावी ह्युमॅनिटास नावाचे वृद्धनिवास आहे. तेथे काही विद्यार्थ्यांस बिनभाड्याची खोली देण्यात येते, आणि तिच्या मोबदल्यात त्यांनी दरमहा तीस तास शेजारधर्म पाळावा अशी अट असते. नारायण पेठेतील काकूंनी हे न ऐकताच अमलात आणले होते, परंतु त्यांनी त्याचा अहवाल लिहिला नाही.

आता दरखास्त. प्रत्येक स्वयंसेवकास वर्षारंभी एक वृद्ध व्यक्ती आणि एक वार मुकरर करून द्यावा. त्याने त्या वारी, ठरल्या वेळी, दीड तास तेथे जावे, आणि परीक्षा व सुट्ट्या वजा जाता वर्षाचे तीस आठवडे हा नेम चालवावा. तीस दिढे पंचेचाळीस. आपल्या १२० तासांच्या हिशेबात हे ४५ तास सहज सामावतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणान्वये समाजातील कामास जो श्रेयांक देतात त्याच्या ३० तासांहूनही ते अधिक भरतात, म्हणजे त्यासाठी नवा कागद रंगविण्याची तसदी कोणासही पडू नये. गाठ घालून देण्याचे काम गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांकडे सोपवावे. फेस्कॉम ही त्यांची राज्यव्यापी महासंघटना आहेच, आणि आपल्या सभासदांपैकी कोण एकटा पडला, कोणाची नजर गेली, कोण बोलघेवडा आणि कोण घुमा, याची जी खडान्‌खडा माहिती संघाच्या चिटणिसास असते ती कोणत्याही सर्वेक्षणाने हाती लागणार नाही. कोणाच्या घरी जावयाचे तर दोघांनी मिळून जावे, घरच्यांची संमती अगोदर घ्यावी आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र न मागता दाखवावे. फसवणुकीच्या बातम्या रोज सकाळी वाचणाऱ्या वृद्धाने अनोळखी मुलास दार उघडले नाही तर तो त्याचा शहाणपणा समजावा. छायाचित्र घेऊ नये. 'लाभार्थी' हा रकाना रद्द करावा. आणि विद्यार्थ्याच्या नोंदवहीवर दरमहा शेरा मारण्याचा अधिकार त्या वृद्धास असावा, कारण आम्हां निवृत्तांपैकी कित्येकांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या वह्यांवर, नस्त्यांवर आणि हजेरीपटांवर शेरे मारण्यात घालविला आहे, आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी घड्याळ व शाल देऊन आमच्याकडून काढून घेतले गेले ते नेमके हेच सुख होय.

एक कलम मात्र विसरू नये, ते निरोपाचे. विद्यार्थी पदवी घेऊन जाणार, हे उघडच आहे; परंतु मार्च उजाडला की एकाएकी येणे थांबवून तो नाहीसा होऊ नये. शेवटच्या महिन्यात त्याने आपल्या मागच्या वर्गातील एकास बरोबर आणावे, दोन-तीन वेळा तिघांनी बसावे, आणि मग वार त्याच्या हवाली करावा. ज्या वयात माणसे एकेक करून न सांगता निघून जातात त्या वयास सांगून जाण्याची किंमत फार असते.

दीड तास करावयाचे काय, असे आपले कार्यक्रम अधिकारी विचारतील. 'गप्पा मारा' असा हुकूम सुटला की दोन्ही पक्ष मुके होतात. हातांना काम हवे, आणि ते असे हवे की एकट्या म्हाताऱ्याच्याने होऊ नये व एकट्या पोराच्यानेही होऊ नये. आमच्या केंद्रात बायका गोधड्या शिवतात. जुन्या लुगड्यांचे थर जमवून, कडेपासून आत सरकत धावदोरा घालण्याचे काम ऐंशी वर्षांचा हात अजूनही झोपेत करील. सगळे अडते ते सुईच्या नेढ्यापाशी. गेल्या पावसाळ्यात तीन मुली आठवड्यातून एकदा केवळ सुया ओवून देण्यासाठी येऊ लागल्या. वीस-पंचवीस सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या की आठवड्याची बेगमी होई. दिवाळीपर्यंत त्या स्वतः टाके घालू लागल्या, आणि त्यांचा टाका लांब पडतो म्हणून त्यांची यथास्थित खरडपट्टी निघू लागली, तेव्हा मी ओळखले की आता हे टिकणार.

नोव्हेंबर महिन्यात प्रत्येक निवृत्तिवेतनधारकास हयातीचा दाखला द्यावा लागतो. वर्षातून एकदा सरकार आम्हांस 'आपण जिवंत आहात काय' असे विचारते, आणि खरे सांगावयाचे तर काहींच्या बाबतीत तेवढी चौकशी करणारे दुसरे कोणी नसते. हे काम हल्ली मोबाईलपुढे चेहरा धरून घरबसल्या होते, असे म्हणतात. झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्रास पटत नाही म्हणून खिडकीपुढे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्यांस ती मोठीच सोय आहे, फक्त ती वापरावयास शेजारी एक विशीतला माणूस लागतो. तोच माणूस 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे' असे दरडावणाऱ्या भामट्याचा फोन खाली ठेवावयास सांगेल आणि १९३० या क्रमांकावर तक्रार कशी नोंदवावी ते दाखवील. उलट बाजूस, शाळांतून मोडी गेली त्यास आता सत्तर वर्षे होतील, आणि ती शाळेत गिरवलेली शेवटची पिढी पंच्याऐंशीच्या घरात आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधलेले पडले आहेत, आणि इतिहासाचे विद्यार्थी महिन्याभराच्या वर्गात जे अक्षर चाचपडत शिकतात ते वाचणारी एखादी आजी त्यांच्या वसतिगृहाच्या मागच्याच गल्लीत असण्याचा संभव आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या ज्यांच्या मुखातून आल्या त्या बायकांस तत्पूर्वी कोणी काही विचारले नव्हते. असे विचारण्यासारखे अद्याप पुष्कळ शिल्लक आहे, परंतु ते चाळीस मिनिटांत, अनोळखी मुलापुढे, बाहेर पडत नाही.

खेड्यांतील महाविद्यालयांस तर हे काम शहरापेक्षा सुकर आहे, कारण प्रत्येक पथकाचे एक दत्तक गाव असते आणि तेथे सात दिवसांचे शिबिर भरते. त्या सात दिवसांत बंधारा बांधून झाल्यावर त्या गावाचे पुन्हा नाव निघत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. माझ्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या, कारण पुरुष मुंबईस. आता त्यांच्यामागोमाग सुनाही गेल्या, आणि वाडीत चार घरांना कुलुपे व पाचव्यात एक म्हातारी, जिच्या कंबरेला त्या चारही घरांच्या किल्ल्या, असे दृश्य दिसते. तिच्याकडे एक वार लावून द्यावयास काय हरकत आहे?

आम्हां वृद्धांविषयीही चार शब्द लिहिणे प्राप्त आहे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आम्ही सर्वच काही गोड नसतो. समोर आलेल्या मुलास गावाच्या पाठोपाठ आडनाव आणि आडनावाच्या पाठोपाठ 'म्हणजे कोणापैकी' असे विचारल्यावाचून आमच्यातील कित्येकांस पाणी गोड लागत नाही, आणि तो प्रश्न ऐकून एखादी मुलगी पुन्हा आली नाही तर दोष तिचा नव्हे. दर पाच वाक्यांनी 'आमच्या वेळी' म्हणण्याची आम्हांस खोड असते. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगताना ती चौथ्यांदा आहे हे आम्हांस कळत नाही, किंवा कळूनही आम्ही सांगतो. म्हणून वर्षारंभी जी उद्‌बोधनाची बैठक आपण विद्यार्थ्यांसाठी घेता तशी एक ज्येष्ठ नागरिक संघातही घ्यावी आणि तीत हा जातीचा प्रश्न विचारावयाचा नाही असे स्पष्ट शब्दांत बजावावे. ज्यास ते मानवणार नाही त्यास वार देऊ नये. केळी मात्र अवश्य द्यावीत.

शासनाने आपल्या परीने पुष्कळ केले आहे, हे मी नाकारीत नाही. २००७ च्या कायद्याने आईवडिलांस मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला, उपविभागीय अधिकाऱ्यापुढे अर्ज करण्याची सोय केली. निराधारांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढून तिला श्रावणबाळाचे नाव दिले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यास एस.टी.चा प्रवास २०२२ पासून मोफत केला. एस.टी. फुकट झाल्यावर आमचे तलाठी उत्साहाने स्थानकावर गेले आणि जावे कोणाकडे हे न सुचल्यामुळे फलटणला जाऊन चहा पिऊन परत आले. कायद्याने पैसा देववता येतो, वाहन देववता येते. कोणाकडे तरी जाणे आणि कोणीतरी येणे हे देवविण्याचा अधिकार उपविभागीय अधिकाऱ्यास नाही. तो आपणांकडे आहे, कारण लाखो तरुण मुलांचा आठवडा कसा कापावयाचा हे राज्यात आपण ठरविता.

राहिला तो जतचा मुलगा. आठवड्याने तो पुन्हा आला, तेही माझ्या ओढीने नव्हे; अहवालावर लाभार्थ्याची सही घ्यावयाची राहून गेली होती. मी सहीच्या बदल्यात तलावाची हकीकत मागितली. त्यास काहीच ठाऊक नव्हते, तेव्हा त्याने तेथेच उभ्याने गावी आजीस फोन लावला आणि यंत्र माझ्या कानाशी दिले. पलीकडून एक खणखणीत आवाज आला, की तळ्यात दिवाळीपर्यंत पाणी असते, पुढे नसते. आणि तुम्ही कोण विचारणारे, त्या तळ्याची माती मी माझ्या डोक्यावर वाहिली आहे, मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन. मुलाचे तोंड पाहण्यासारखे झाले. ज्या तळ्यात तो पोहावयास शिकला ते आजीने बांधले, हे त्यास वयाच्या विसाव्या वर्षी, पुण्यात, एका परक्या म्हाताऱ्याच्या कानाशी धरलेल्या फोनवरून कळत होते.

त्यानंतर तो दर गुरुवारी येऊ लागला. आठवडाभरात आजीकडून फोनवर जे काढून घेई ते वहीत उतरून आणी, मी त्याचे शुद्धलेखन तपासी, आणि तोवर आमच्या दोघांच्याही लक्षात न आलेले प्रश्न पुढच्या गुरुवारसाठी काढून ठेवीत असू: मजुरी किती, हजेरी कोण मांडी, तान्ही मुले कोठे ठेवीत. माझ्या बंधूंनी त्या काळी हजेरीपटावर जे आकडे मांडले असतील त्यांच्यामागची माणसे मला अशी पन्नास वर्षांनी कळली. नोव्हेंबरात त्याने माझा हयातीचा दाखला काढून दिला. तीस आठवड्यांत दोन गुरुवार चुकले, आणि दोन्ही वेळा अगोदर कळविले होते; मी वहीवर तसा शेरा मारला आहे. एप्रिलअखेर वहीची त्रेसष्ट पाने झाली. तो आता वाणिज्याचा पदवीधर होऊन चाकणला नोकरीस लागला आहे, आणि त्याच्या महाविद्यालयात वार हवाली करण्याची पद्धत नसल्यामुळे त्याच्या जागी कोणी आलेले नाही.

येत्या महिन्यात आपले वर्ग सुरू होतील, नव्या पथकांची नोंदणी होईल आणि वर्षाचे वेळापत्रक आपल्या मंजुरीसाठी येईल. त्यावर सही करण्यापूर्वी या दरखास्तीचा विचार व्हावा, ही नम्र विनंती. माझा गुरुवार रिकामा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, पुणे

ता. क. जिन्यात दिवा नाही आणि मला ऐकू कमी येते. जो कोणी येईल त्याने घंटी दोनदा वाजवावी आणि थोडे थांबावे. मी येतो, पण उठावयास वेळ लागतो.